रस्सा कुठाय?

बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर आमच्या घरातून सगळ्यात आधी गेली ती तर्री. डॉक्टरांनी मटण बंद केलं नव्हतं. महिन्यातून दोनदा चालेल म्हणाले. थोडं, चरबी काढलेलं, पण तेल मोजून आणि मीठ मोजून. बाबांनी मान डोलावली आणि घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत. फाटकापाशी उतरताना तेवढं म्हणाले, "तेल मोजून मटण कसं करतात बाप्पा?"

ते ७४ वर्षांचे आहेत आणि जन्मापासून नागपूरच्या महाल भागात वाढलेले. शेजारी कोष्ट्यांची घरं, दिवसभर मागांची खटखट आणि रविवारी सकाळपासून मसाला भाजल्याचा ठसका. सावजी रसोई ही हलबा कोष्टी समाजाची. आमचा समाज वेगळा, पण त्या गल्लीत राहून जिभेला दुसरं वळण लागणं शक्यच नव्हतं. आईही लग्नानंतर तिथल्याच बायकांकडून शिकली. खसखस, खोबरं, दगडफूल, मिरं, धने. सगळं काळपट होईस्तोवर भाजायचं, पाट्यावर वाटायचं आणि जवसाच्या तेलात इतका वेळ परतायचं की तेल मसाल्याला सोडून वर येतं. लाल, जाड, बोटभर थर. बाबा भाकर आधी त्या थरात बुडवायचे, मटणाच्या फोडीला हात नंतर.

ऑपरेशननंतर आईनं कमी तेलाचा रस्सा तीनदा करून पाहिला. तिच्या हातात काही खोट नव्हती. पण खड्या मसाल्याचा वास तेलातच खुलतो, मिरचीचा तिखटपणाही पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेल काढलं की मसाला तळाशी बसतो आणि वर नुसतं पाणी हिंडत राहतं. बाबा ताटातलं संपवायचे. "चांगलं झालं" असंही म्हणायचे. ते ऐकून आईच्या डोळ्यात पाणी यायचं, कारण ४५ वर्षांच्या संसारात त्यांनी मटणाला कधी "चांगलं झालं" म्हटलेलंच नव्हतं. म्हणायची वेळच यायची नाही, ते दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

धाकटा भाऊ कामानिमित्त दोन वर्षं ब्युनोस आयर्सला होता. एका रात्री फोनवर मी त्याला हे सगळं सांगत होते. तो म्हणाला, "ताई, इकडे मटणाला मसालाच लावत नाहीत." तिथे रविवारी घरोघरी असादो असतो. निखारे पाडायचे, वर जाळी, जाळीवर मांस, मांसावर जाडं मीठ. बस. आणि बाजूला एका वाटीत चिमिचुरी: बारीक चिरलेली पार्सली, लसूण, ओरेगॅनो, सुक्या लाल मिरचीचा चुरा, तेल आणि व्हिनेगर. तिथला स्टेक गायीचा. आमच्याकडे तो घरात येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. पण त्यानं पुढे जे सांगितलं ते माझ्या कामाचं होतं. अर्जेंटिनाच्या पश्चिमेला, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी मालार्ग्वे नावाचं गाव आहे, तिथे निखाऱ्यावर भाजतात ते करडू. त्या करडाचा तिथे उत्सवसुद्धा भरतो. बोकड आणि निखारा ही जोडी जगाच्या त्या टोकालाही आहे हे ऐकलं आणि माझं ठरलं. तेल जर मोजायचंच आहे, तर ते मटणात घालायचंच कशाला? चटणीत घालू, कच्चं. दोन चमचे. जिभेला थेट लागेल असं.

पहिला प्रयत्न साफ फसला. मी मांडीचं मटण आणलं, कारण मांडीचं म्हणजे उत्तम अशीच आमच्या घरची समजूत. गच्चीवर शेगडी पेटवली, तुकडे भाजले, आणि ते चावता चावेनात. बाबांनी एक तुकडा तोंडात बराच वेळ घोळवला आणि हळूच रुमालात काढून ठेवला. मला दिसू नये म्हणून रुमाल घडी करून खिशात ठेवला. मी पाहिलं होतं.

नंतर वाचून, विचारून कळलं ते असं. बोकड दिवसभर चालतो, चढतो, मागच्या पायांवर उभा राहून पाला ओरबाडतो. त्याची मांडी आणि खांदा राबलेला असतो. राबलेल्या मांसात कोलॅजेन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, जास्त. रश्शात दीड-दोन तास मंद आचेवर शिजताना ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं. सावजी रस्सा ओठांना किंचित चिकटतो तो त्यामुळे. निखाऱ्यावर दहा मिनिटांत हे घडत नाही. उलट ते आकसतं आणि मांसातलं पाणी पिळून बाहेर टाकतं. निखाऱ्यासाठी न राबलेला भाग हवा. कण्याच्या दोन्ही अंगांनी जो लांब मऊ पट्टा जातो तो, नाहीतर बरगडीचे चाप. एका बोकडात तो असतोच किती थोडा! म्हणून मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "बिर्याणीले का?" भाजायला म्हटल्यावर सुरा थांबवून माझ्याकडे पाहिलं. "मंग दोन बोटं जाड ठेवतो. पातळ केलं तं सुकून जाईन." त्याला माहीत होतं. मी चार पानं वाचून शिकले ते त्यानं हातातल्या सुऱ्याकडे बघत एका वाक्यात सांगितलं.

घरी आणल्यावर मी ते धूत नाही. आईला हे अजून पटलेलं नाही. तिच्या मते मटण तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊच नये. पण ओलं मांस लाल होत नाही, ते आधी वाफाळतं. पाणी अंगावर असेपर्यंत वरचा भाग १०० अंशांच्या पुढे सरकत नाही, आणि तो तपकिरी खमंग रंग धरायला लागतो १४० अंशांच्या आसपास. माईलार्ड नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली ही प्रक्रिया मांडली; प्रथिनं आणि साखर उष्णतेत एकत्र येतात आणि त्यातून शेकडो नवे वास जन्मतात. आईला मी एवढंच सांगितलं, की तू कांदा-खोबरं काळपट भाजतेस तेव्हा तव्यावर जे होतं तेच इथे मटणाच्या अंगावर होतं. तिनं थोडा विचार केला आणि कपाटातून जुन्या धोतराचं मऊ फडकं काढून दिलं. त्या फडक्यानं आम्ही तुकडे टिपून कोरडे करतो. वरून मीठ, बाबांच्या हिशेबातलं, तासभर आधी. मीठ आधी पाणी ओढून काढतं, मग ते खारट पाणी हळूहळू परत आत जातं. त्यामुळे थोडं मीठही आतपर्यंत पोचतं. शेवटच्या घडीला घातलं तर नुसतं वरवर राहतं आणि मग दुप्पट लागतं.

आता हिरव्याकडे येते. माझा सगळा जीव त्या वाटीत आहे.

पार्सली नागपुरात एखाद्या मोठ्या दुकानात मिळते, थंड कपाटात, प्लास्टिकच्या डबीत, चार मरगळलेल्या काड्या. मी ती एकदाच आणली. आणि त्याच दिवशी गोकुळपेठेच्या बाजारात बाई पोत्यावर सांबाराचा ढीग लावून बसलेली. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे तिला कोथिंबीर म्हणणारा माणूस बाहेरगावचा आहे हे भाजीवाली लगेच ओळखते. डिसेंबरातला सांबार म्हणजे काय असतो ते इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. बुटका, दाट पानांचा, मुळांना काळी माती लागलेली, देठ जांभळट. जुडी हातात घेतली की बोटांना वास लागतो आणि हात धुतला तरी जात नाही. याच दिवसांत घरोघरी सांबारवड्या होतात. सांबार आणि पार्सली एकाच कुळातल्या, गाजर, जिरं, ओवा सगळे त्यांचे भाऊबंद. अर्जेंटिनाच्या चिमिचुरीत कोथिंबीर नसते हे मला माहीत आहे. माझ्या वाटीत ती आहे, आणि म्हणून मी तिला चिमिचुरी म्हणत नाही. ती सांबाराची चटणी आहे.

तिच्यात काय काय असतं? सांबार, कोवळ्या देठांसकट, कारण देठात पानापेक्षा जास्त चव असते. थंडीतली लसणाची हिरवी पात, आणि एकच पाकळी सुका लसूण ठेचून. एक हिरवी मिरची. चिमूटभर ओवा, तळहातावर चोळून. ओरेगॅनो आणि ओवा दोन्हीत थायमॉल नावाचं वासाचं द्रव्य आहे, म्हणून तो वास नेमका त्याच जागी जाऊन बसतो. आंबटपणासाठी मी आधी लिंबू पिळायची. मग एके दिवशी भाजीवालीनं सांबाराबरोबर आंबटचुक्याची जुडी पुढे केली, "घेऊन जा, ताजा हाय." चुका आम्ही डाळीत घालतो. त्या दिवशी मी कच्चं पान तोडून तोंडात टाकलं आणि बाजारात उभ्या उभ्या मला चटणी सापडली. युरोपातल्या कितीतरी हिरव्या सॉसमध्ये चुक्याचीच बहीण असते. जर्मनीत फ्रँकफुर्टला सात पाल्यांचा जो हिरवा सॉस करतात, त्या सातांत एक तीच. चुक्याचा आंबटपणा लिंबासारखा टोचत नाही, तो पानाच्या अंगानं येतो. आणि आंबट नीट असलं की मीठ कमी पडल्याचं जिभेला कळत नाही. बाबांसाठी मला हेच हवं होतं.

तेल जवसाचं, घाण्याचं. आमच्या घरात ते नेहमीच असायचं, पण कायम उकळत्या कढईत. जवसाचं तेल तापलं की त्याचा गुण जातो आणि चवीत कडवटपणा येतो. कच्चं असताना त्याला जवसाच्या चटणीचा खमंग वास असतो. बाबांच्या चटणीत दोन चमचे. पूर्वी एवढं तेल त्यांच्या एका घासाला लागायचं.

ही चटणी मी मिक्सरमधून काढत नाही. मिक्सरच्या पात्यानं पानं चिरडतात, तापतात, आणि आंबट मिसळल्यावर हिरव्याचा शेवाळी रंग होतो. आम्लामुळे हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि रंग मरतो. म्हणून सुरी. पाट जमिनीवर, मी मांडी घालून, पानं धुऊन पूर्ण कोरडी केलेली. एकदा उभी चिरायची, एकदा आडवी, आणि थांबायचं. पान पान वेगळं दिसलं पाहिजे. चुका अगदी शेवटी, मटण जाळीवरून उतरल्यावर.

दुसऱ्या खेपेला, जानेवारीत, मी हे सगळं जुळवलं. चापाचे चार तुकडे, दोन ज्वारीच्या भाकरी, वाटी. बाबांच्या ताटात वाढलं. त्यांनी ताट थोडं फिरवून बघितलं.

"रस्सा कुठाय?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "रस्सा नाही बाबा. हे हिरवं लावून खा."

"चटणी वाटली काहून नाही?"

"चिरलीच आहे."

त्यांनी बोटानं थोडी चटणी घेतली, चाटली, आणि काही न बोलता तुकड्याला लावली. चावताना ते नेहमी खाली बघतात. त्या दिवशी समोरच्या भिंतीकडे बघत होते. दुसरा घास चटणीशिवाय खाल्ला. मग तिसरा पुन्हा चटणी लावून. आणि म्हणाले, "मटण असं लागते होय."

७४ वर्षांच्या माणसानं हे म्हणावं! ते वाक्य मी अजून मनात फिरवते. सावजीला त्यात काही उणं नाही. मी स्वतः सावजी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. आईचा मसाला मला येतो तसाच्या तसा पुढे न्यायचा आहे. पण रश्शात मटण आणि मसाला इतका वेळ एकमेकांत मुरतात की शेवटी कोण कुठलं ते सांगता येत नाही, आणि तेच त्याचं सौंदर्य. इथे दोघं शेवटपर्यंत वेगळे राहतात. एक आगीतून आलेलं, एक आगीजवळही न गेलेलं. घासात पहिल्यांदा भेटतात.

त्यानंतर बाबा खाली थांबेनात. आधी आराम खुर्ची गच्चीवर आली, मग मफलर, मग ते स्वतः शेगडीपाशी. मला वाटलं होतं सोबत म्हणून बसतील. पण काटोलकडे त्यांच्या मामांची संत्र्याची बाग होती आणि लहानपणीचे हिवाळे त्यांनी तिथे काढले होते, हे मी ऐकून होते. त्या हिवाळ्यांत ते काय करायचे, ते मला त्या गच्चीवर कळलं. हुरडा भाजायचे. गोवऱ्यांच्या आरात रोडगे पुरायचे, वांगी भाजायचे. विस्तव त्यांना हातासारखा ओळखीचा होता आणि मी मात्र त्यांना आयुष्यभर नुसतं ताटावर बसलेलं पाहिलं.

मी कोळसा पेटवायला रॉकेलची बाटली घेतली तर त्यांनी हात धरला. "वास धरते नं मटण." आणि उठून खाली गेले. दोन मिनिटांनी मूठभर वाळलेल्या संत्र्याच्या साली घेऊन वर आले. कुठे ठेवल्या होत्या, कधीपासून, कोण जाणे. सालीत तेल असतं. काडी लावली की त्या चरचरून पेटतात. कोळशाच्या मधोमध खळगा करून त्यांनी साली ठेवल्या आणि पुठ्ठ्यानं वारा घातला. घाईनं नाही, एका लयीत. सबंध गच्चीवर संत्र्याचा जळका गोड वास.

मग वाट पाहणं आलं. कोळसा लाल दिसला की मी जाळी ठेवायला जायची. ते अडवायचे. लालवर राखेची पांढरी साय धरू दे. तोवर ज्वाळा असते, आणि ज्वाळेवर मांस काळं होतं, भाजलं जात नाही. मग ते तळहात जाळीच्या वर वीतभर धरायचे आणि "राम राम राम" म्हणायचे. तिसऱ्या-चौथ्या रामाला हात मागे घ्यावा लागला तर निखारा बरोबर. पाचवा, सहावा झाला तर अजून वारा घाला. त्यांनी माझा हातही धरून तसाच जाळीवर नेला. त्यांचा तळहात इतका खरबरीत आणि इतका हलका झालाय, हे मला तेव्हा लक्षात आलं. ऑपरेशनपासून वजन किती उतरलं होतं ते कागदावर मी वाचलं होतं, पण हातात घेतलं नव्हतं.

निखारे ते एका बाजूला ढकलतात. तुकडा आधी निखाऱ्यावर, दोन्ही बाजूंनी रंग येईस्तोवर. मग रिकाम्या बाजूला, आतून व्हायला. चरबी ठिबकून भडका उडाला की चिमट्यानं तुकडा बाजूला घ्यायचा, पाणी मारायचं नाही, नाहीतर राख उडून मांसाला चिकटते. माझ्याकडे टोचायचा थर्मामीटर आहे. आत ६५ अंश झाले की मी उतरवते. त्याहून कच्चं बाबांना द्यायची माझी तयारी नाही. मग ताटलीत झाकून पाच-सहा मिनिटं. लगेच कापलं तर सगळा रस ताटलीत वाहतो. पहिल्यांदा तो लालसर रस बघून आई म्हणाली, रक्त राहिलं. ते रक्त नसतं. स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याचा तो रंग. आईला हे पटलं की नाही कळलं नाही, पण पुढच्या वेळी तिनं तो रस भाकरीनं पुसून घेतला.

कापायचं ते रेषांना आडवं. मांसाचे धागे दिसतात नीट पाहिलं तर, लुगड्याच्या उभ्या सुतासारखे. त्यांना आडवं कापलं की धागे आखूड होतात आणि दातांचं अर्धं काम सुरीच करते. बाबांच्या वरच्या दाढा नाहीत. त्यांच्यासाठी मी पाव बोट जाडीचे काप करते.

फेब्रुवारी सरताना उन्हं तापली आणि सांबाराच्या जुड्या रोडावल्या. झाडं फुलावर आली की पानं बारीक आणि उग्र होतात. चुकाही बाजारातून दिसेनासा झाला. मी म्हटलं, आता संपलं, पुढच्या हिवाळ्यात. बाबा काही बोलले नाहीत. मार्चमधल्या एका शनिवारी मी बँकेतून आले तेव्हा ओट्यावर पहिल्या हिरव्या कैऱ्या होत्या, दोन, देठाला चीक सुकलेला, आणि शेजारी कुंडीतला पुदिना ओल्या कपड्यात गुंडाळलेला. बाबा बैठकीत फोनवर होते. ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं बोलत होते.

"उद्याचं सांगून राहिलो. पाठीचं दे. हो, दोन बोटं. अन् पोट्टी येईन घ्यायला, तिले कमी देशीन तं पाह्य."